धाकटी, थोरली आणि एक नारळ

"...मग बेचाळीस फुटी घेऊ की सत्तावीस फुटी? एवढंच सांगा ना, बुवा."

हेरंबनं तिसऱ्यांदा विचारलं. कप्तानबुवा मठाच्या पायरीवर बसून दोराला गाठ मारत होते. त्यांनी मान वर केली नाही.

बुवा मूळचे जहाजावरचे कप्तान. जग फिरून झाल्यावर या खाडीकाठच्या मठात येऊन राहिले. दाढी वाढली, कफनी आली, पण चाल डेकवरचीच राहिली. येईल त्याला ते हिवाळाभर शिडाची बोट चालवायला शिकवत. कुणी मोक्षाचं विचारलं तर म्हणत, "आधी ही गाठ मारून दाखव."

हेरंब त्यांचा जुना शिष्य. हुशार, आणि आपण हुशार आहोत हे कुणाला विसरू न देणारा. निवृत्त झाल्यावर बायकोला घेऊन शिडाच्या बोटीतून किनाऱ्याकिनाऱ्यानं कन्याकुमारीपर्यंत जायचं, हे त्याचं तरुणपणापासूनचं स्वप्न. शुभदाबाई त्याला नाही म्हणत नव्हत्या. पण होही म्हणत नव्हत्या. त्यांना घरी ठेवून जायचं त्याच्या मनातही येत नव्हतं, म्हणून सगळं त्यांच्या एका शब्दावर अडलं होतं.

आणि हा गृहस्थ बोटींची तुलना करत बसला होता.

मठाखालच्या धक्क्याला दोन्ही बोटी बांधलेल्या होत्या, बेचाळीस फुटी थोरली आणि सत्तावीस फुटी धाकटी. दोन्ही वापरलेल्या, दोन्ही विकाऊ.

"थोरलीत दोन खोल्या आहेत," हेरंब म्हणाला. "उभ्यानं स्वयंपाक करता येतो. लाटांत फार हलत नाही. धाकटीत वाकून शिरावं लागतं. डोकं आपटतं."

"आपटू दे."

"चेष्टा नको, बुवा."

"चेष्टा कसली? माझं आपटलंय." बुवांनी गाठ ओढून पाहिली. "थोरली चालवणार कोण?"

"मी आहे ना!"

बुवांनी प्रथमच त्याच्याकडे पाहिलं. मग शुभदाबाईंकडे. त्या जरा दूर, डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"चला," बुवा म्हणाले. सकाळी हेरंबनं त्यांच्या पायाशी ठेवलेला नारळ त्यांनी काखेत मारला.

तिघांनी तरंगती जाकिटं चढवली. थोरलीचं शीड उभारलं आणि बोट खाडीच्या मध्यावर आली. ओहोटी लागली होती. हेरंब सुकाणूचं चाक धरून राजासारखा उभा होता.

बुवांनी नारळ पाण्यात फेकला.

"माई, हा तुमचा नवरा. पाण्यात पडला. आणा त्याला."

"अगंबाई!" शुभदाबाई उठल्या.

"शुभा, थांब, मी वळवतो..."

"तू हात लावायचा नाहीस," बुवा म्हणाले. "तू पाण्यात आहेस."

शुभदाबाईंनी चाक फिरवलं. बोट वळली, पण शीड फडफडायला लागलं. त्याचा जाडजूड दोर त्यांनी दोन्ही हातांनी ओढला, पाय रोवून ओढला. शीड काही ऐकेना. बोट वाऱ्याकडे तोंड करून अडून बसली.

नारळ निघाला समुद्राकडे.

"इंजिन लावलं असतं की!" हेरंब चिडून म्हणाला.

"बंद पडलंय असं धर."

"असं कसं धरू?"

"तू पडशील असं तरी कुठे धरलं होतंस?"

शुभदाबाई नारळाकडे पाहत होत्या. तो दिसेनासा झाला तरी पाहत होत्या.

"हेच..." त्या म्हणाल्या. "हेच मला दिसत असतं हो. तुम्ही पडलाय, आणि मी डबा मांडीवर घेऊन नुसती बघतेय."

"कधी बोलली नाहीस..."

"तुम्ही विचारलंत कधी? कुठली बोट आवडली, एवढंच विचारत आलात."

हेरंबला खरोखर वाईट वाटलं. पण स्वभावाला औषध नसतं. धक्क्यावर परतून, धाकटीचं शीड उभारून तिघे पुन्हा खाडीत येईपर्यंत त्याची शिकवणी सुरू झालेली होती. बुवांनी सुकाणूचा दांडा शुभदाबाईंच्या हातात दिला होता, आणि हा बोटीच्या काठावर उभा राहून हातवारे करत होता.

"हे बघ शुभा, वारा डावीकडून आला की आपण दांडा..."

बुवांनी त्याला ढकललं.

वाक्याचा शेवट पाण्यात झाला.

शुभदाबाई किंचाळल्या. "बुवा! अहो, हे काय केलंत?"

"नारळ संपले," बुवा म्हणाले आणि हाताची घडी घालून बसले.

दुसरं कुणी नव्हतं. शुभदाबाईंनी दांडा ढकलला. शिडाचा दोर करंगळीएवढ्या जाडीचा, तो एका हातात मावला. बोट अंगणात वळावी तशी वळली.

पहिल्या खेपेला त्या फार लांबून गेल्या.

"डावीकडे!" पाण्यातून हुकूम आला. "डावीकडे घे म्हणतोय ना!"

"गप्प बसा हो!"

असा आवाज हेरंबनं घरात कधी ऐकला नव्हता. तो गप्प बसला. बुवांच्या दाढीत काहीतरी हललं.

दुसऱ्या खेपेला त्यांनी बरोबर त्याच्याजवळ येताना दोर सैल सोडला. शीड लुळं पडलं, बोट हळूहळू सरकत त्याच्या खांद्याशी येऊन थांबली. त्यांनी वाकून त्याचं जाकीट मुठीत धरलं, आणि तो मागची शिडी चढून वर आला तरी ती मूठ सुटेना. त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

"मी येते," त्या म्हणाल्या.

"कन्याकुमारीपर्यंत?" हेरंबनं दबकत विचारलं.

"आधी खाडीच्या तोंडापर्यंत. मग पुढचं पुढे." त्यांनी धक्क्यावरच्या थोरलीकडे मान वळवली. "आणि तीही शिकेन एक दिवस. तिचा दोर काय मोठा लागून गेलाय?"

धाकटी परत निघाली. दांडा शुभदाबाईंच्याच हातात होता. हेरंब कुडकुडत बसला होता, आणि हात कुठे ठेवावेत ते त्याला समजत नव्हतं.

"बुवा..." शेवटी तो म्हणाला. "बोट ठरली. चालवायला ही आहे. मग मी काय करू?"

बुवांनी आपला दोर पुन्हा मांडीवर घेतला. गाठ सोडली. पुन्हा मारली.

"तू?... तू अधूनमधून पाण्यात पडत जा."