वळणावरची बोरीची जाळी

माळालगतच्या एका जंगलात, उंच गवताच्या आडोशाला, एक लावी आपल्या पिल्लांसह राहत असे. पिल्लांना अजून पंख फुटायचे होते, त्यामुळे ओढ्यावर पाण्याला जायचे ते पायीच. मध्ये होती नीलगाईंची वाट. सांज झाली की त्यांचा कळप त्या वाटेने ओढ्याकडे धावत सुटे. आदल्याच आठवड्यात लावीचे एक पिल्लू त्या खुरांखाली गेले होते. उरलेल्यांना घेऊन ती वाट ओलांडायची तिला भीती वाटे. पण तहान थोडीच ऐकते!

सल्ला द्यायला मात्र सगळे जंगल हजर. सशाने पिल्लांना पळायला शिकवले. कोल्ह्याने सांगितले, पाऊल टाकण्याआधी दोन्हीकडे पाहावे. बिचारी लावी सगळे इमानेइतबारे करी. तरी एका संध्याकाळी कळप एकाएकी अंगावर आला आणि धाकट्या पिल्लाचा पाय दुखावला. "लक्ष कुठे होतं तुझं?" कोल्हा उलट तिच्यावरच डाफरला. लावी रडत रडत पिल्लाला पंखाखाली घेऊन बसली.

तिथे एक साळिंदर होते. फारसे बोलत नसे, पण मुलांनो, काय त्याची अक्कल! कुणाला उपदेश न करता ते उठले आणि नीलगाई जिथून येत, तिथून त्यांच्याच वाटेने चालत आले. वळणावर बोरीची दाट जाळी होती. तिच्याआडून वाट ओलांडणारे कुणी दिसेचना. साळिंदराने मुळे कुरतडून जाळी आडवी केली, ओढत बाजूला नेली. मग बिळात गळून पडलेले आपले काळे-पांढरे काटे आणून त्यांचे दोन पट्टे वाटेवर आडवे मांडले आणि मधली जागा पिल्लांसाठी मोकळी ठेवली. कोल्हा हसून हसून लोळला. साळिंदर मात्र घाम गाळत राहिले. शाबास त्याची!

सांज झाली. लावी पिल्लांना घेऊन निघाली. ती वाटेच्या मध्यावर असतानाच वळणावर कळप आला. म्होरक्या नराला लांबूनच ते पट्टे दिसले, पट्ट्यांमधली चिमुकली रांगही दिसली. काट्यांवर कोण पाय देणार? तो थांबला, तसे मागचे सगळे थांबले. लंगडे पिल्लू सर्वांत शेवटी, रमतगमत चालले होते. ते पलीकडे पोचेपर्यंत एकही खूर हलला नाही.

"ताई, तुम्ही आम्हाला कधी दिसलाच नाहीत," नर ओशाळून म्हणाला.

"आम्ही तर रोज इथूनच जातो, दादा," लावी म्हणाली.

त्या दिवसापासून तो कळप तिथे चालतच येऊ लागला.

तात्पर्य काय, तर : पायी चालणाऱ्याला नुसते "जपून जा" म्हणू नये, धावणाऱ्याला तो दिसेल आणि थांबावेच लागेल, अशी वाट करावी.