कोतवालाचं घरटं

नदीला अजून कुणी नावही दिलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. पलीकडच्या वडावर साळुंक्यांनी, हिरव्या पिसांचं कुणी नको म्हणून, पोपटांची पिलं ढोलीतून खाली ढकलायला पुन्हा सुरुवात केली. म्हातारी पोपटीण रडत अलीकडे कोतवाल पक्ष्याकडे आली. घारीलासुद्धा पळवणारा तो एकटाच.

"आत्ता जातो आणि चोची मारून हाकलतो," कोतवाल म्हणाला.

"मागच्या वर्षीही हाकललंस, बाबा. तू परतलास आणि त्यांनी उरलेलीही ढकलली."

"मग काय आजी, जाऊच नको?"

अर्ध्या विणलेल्या घरट्यात बसून कोतवालीण सगळं ऐकत होती. "अहो, जायचं तर तिथंच राहायला जाऊ."

"आपल्यालाही टोचतील."

"टोचतील," ती म्हणाली. मग घरट्यातली एक काडी उपसून ती नदीपलीकडे उडाली.