वाळूतला नारायण

दर्यानाथ महाराज त्या वर्षी चैत्रात माडवेळला उतरले होते. गावाच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला माडांच्या वाड्या आणि मधोमध रामाचं देऊळ. देवळात देवापुढे दगडी कासव आहे. त्याला रोज दुधाने न्हाऊ घालायचं, मगच पूजेला बसायचं, अशी तिथली रीत. ते काम त्र्यंबकपंत खोत स्वतः करत. सोवळ्याचे मोठे कडक, आणि जिभेचेही.

त्याच गावात द्वारकी होती. नवरा होडी घेऊन गेला तो परतला नाही. पदरी लेकरू नाही. मागच्या फेरीत महाराजांपुढे ती खूप रडली होती, आता जगून करू काय म्हणून. महाराज तिला म्हणाले होते, “बाई, समुद्राने नेलं ते तू पाहिलंस. आता तो काय देतो तेही पाहा, आणि जे देईल ते राख.”

चैत्राआधीच्या थंडीत एका पहाटे तिला ते दिसलं. समुद्रातून एक कासवीण वर आली, वाळू उकरून अंडी घातली, पायांनी खड्डा बुजवला आणि मागे वळूनही न बघता निघून गेली. द्वारकीने त्या जागेभोवती करवंदीच्या काट्यांचं कुंपण घातलं. कुत्री-कोल्हे हाकलायचे, रोज एक फूल वाहायचं, तिथे डोकं टेकल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही, हा तिचा नेम झाला. गाव हसलं. पंत तर चारचौघांत विचारीत, “काय द्वारके, तुझा देव उबला की नाही अजून?” रामजन्माच्या पाळण्याची दोरी तिने ओढू नये, असंही त्यांनी बजावलं. खड्ड्यात देव बघणारीचं तिथे काय काम!

ती आपली रोज फूल वाहून यायची. खड्डा शाबूत होता ना, मग तिला सगळंच होतं.

अष्टमीचा दिवस उजाडला. उद्या रामनवमी. उत्सवाला देवळाच्या अंगणात नवी वाळू पसरायची, ही माडवेळची चाल. किनाऱ्याच्या पुळणीवरची वाळू न्यायला पंतांनी गाड्या आणल्या त्या नेमक्या काट्यांच्या कुंपणापाशी. द्वारकी धावली आणि खड्ड्याला पाठीशी घालून बसली. गाडीवान सोनूचा हात काही उचलेना, तेव्हा पंतांनीच फावडं उचललं.

“उठ. रामाच्या कामाला आडवी येतेस?”

“पंत, सगळी पुळण तुमची. एवढी जागा सोडा हो,” ती हात जोडून म्हणाली.

तेवढ्यात महाराज आले. कुणी बोलावलं होतं? कुणीच नाही. संतांना हाक तोंडानेच द्यावी लागते असं थोडंच आहे!

महाराज म्हणाले, “पंत, कासव हे कुणाचं रूप?”

“विष्णूचं.”

“मग दगडाच्याला दूध आणि जित्याला फावडं?”

पंत हसले. “महाराज, दगडात प्राणप्रतिष्ठा झालेली आहे. या खड्ड्यात मंत्र कोणी म्हटले?”

“ज्याने या दर्यात प्राण घातला, त्याने.”

“असं? मग येऊ दे की तुमचा देव आपल्या पायांनी वर.”

पंतांचे शब्द हवेत विरले नसतील, तोच द्वारकीच्या पाठीमागची वाळू मधोमध खचली. थरथरली. कढईतल्या लाह्यांसारखी उसळू लागली! एक काळं डोकं वर आलं, मग इवलेसे वल्ह्यांसारखे हात, मग दुसरं, मग चार, मग मोजताच येईना. ज्यांना आईने शिकवलं नाही, वाट दाखवली नाही, ती पिल्लं सरळ समुद्राकडे तोंड करून निघाली. अहो, काय ती लगबग!

पण वेळ दुपारची. वाळू तव्यासारखी तापलेली. अष्टमीची भांगाची भरती मुळात जेमतेम, त्यात ओहोटी लागलेली. पाणी कुठल्या कुठे गेलेलं. वर घारी फिरू लागल्या, कावळे उतरले. द्वारकी पदरात पिल्लं गोळा करू लागली, पण पदर तो केवढा? एकीकडे हाकलावं तर दुसरीकडे झडप पडे. तिच्या डोळ्यांसमोर सगळा नेम मातीला मिळत होता.

महाराज शांतपणे म्हणाले, “बाई, तू राखायचं ते राखलंस. आता ज्याचं त्याला हाक मार.”

द्वारकीने समुद्राकडे पाहिलं. नवरा गेल्यापासून त्याच्याशी ती बोलली नव्हती. “नारायणा,” ती म्हणाली, “तुझी लेकरं आहेत. घेऊन जा.”

आणि भर ओहोटीत समुद्र उठला! गर्जना नाही, वादळ नाही. एकच लाट, लांबरुंद, दुधासारखी, सगळी पुळण ओलांडत आली. बैल जागचे हलले नाहीत. काट्यांचं कुंपण ढळलं नाही. लाट द्वारकीच्या पायांपाशी थांबली, तिने फेसावर पिल्लं उचलून घेतली, पदरातलीही घेतली, आणि आली तशी परत गेली. घारी वरच्या वर फिरत राहिल्या.

एकच पिल्लू मागे राहिलं, पंतांच्या पायाशी उताणं पडलेलं. पंतांनी फावडं टाकलं. त्यांनी वाकून त्याला उचललं, तर ते त्यांच्या तळहातावरच पोहायला लागलं. इतकी वर्षं ज्या पाठीवर दूध घातलं, ती आज पहिल्यांदा हातात धडधडत होती. सोवळ्यानिशी ते पाण्यात शिरले, पिल्लू सोडलं आणि येऊन महाराजांचे पाय धरू लागले.

महाराज मागे सरले. म्हणाले, “इथे नव्हे, पंत. जिथून देव वर आला, तिथे.”

कुंपणाआतल्या मोकळ्या खड्ड्यापुढे पंतांनी कपाळ टेकलं.

दुसऱ्या दिवशी अंगणात नवी वाळू नव्हती. भर दुपारी रामजन्म झाला, तेव्हा पंतांनी पाळण्याची दोरी द्वारकीच्या हाती दिली आणि सगळ्या गावासमोर तिला वाकून नमस्कार केला. त्यांच्या कपाळावर गंधाच्या शेजारी अजून वाळूचे कण होते. ते त्यांनी पुसले नव्हते.