आकुबाची राई

बसा, हा दगड सावलीतला आहे, गार लागेल. पण आधी गाडीत कोयता, कुऱ्हाड, सुरी असं काही असेल तर ते त्या सपाट खडकावर ठेवून या. हसू नका. राईत शिरताना हत्यार खडकावरच ठेवायचं, हा इथला शिरस्ता आहे. आमदाराबरोबर बंदूकवाला शिपाई आला होता, त्यालाही मी बाहेरच थांबवलं होतं. आंबा खायचाय ना, मग चोखून खा.

ही सगळी झाडं रायवळ, कोयीपासून वाढलेली. शेजारशेजारच्या दोन झाडांची चव जुळायची नाही. एक साखरेसारखं, तर दुसरं असं आंबट की दात शिवशिवतील. कुंपण नाही, राखणदार नाही. खाली दिसतंय ते आमचं नांदरखेडं आणि वर डोंगरात पावरा लोकांचे पाडे. लोक पाटी वाचतात आणि मला विचारतात, आजी, आकुबा कुठला देव? देऊळ कुठाय? अहो, देव नव्हे, माणूस होता, आणि तोही पाद्री. नाव याकोब. पावऱ्यांच्या तोंडी त्याचं आकुबा झालं, मग आम्हीही तेच उचललं.

मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्या आजेसासूने मला इथे बसवून हे सगळं सांगितलं होतं. तिने सांगितलं तसं सांगते.

आगगाडीचं अजून नवल होतं, त्या काळातली गोष्ट. याकोब नगरकडचा, जातीचा कोष्टी, असं सांगतात. दुष्काळात आईबाप गेले, गोऱ्या पाद्र्यांनी वाढवला, शिकवला आणि मोठा झाल्यावर विचारलं, तू कुठे जातोस? तो म्हणाला, रस्ता संपतो तिथून पुढे. तसा तो सातपुड्याच्या पायथ्याशी आला. अंगात पांढरा सदरा, खांद्यावर घोंगडी, पायांत काही नाही. झोळीला दोन कप्पे होते, म्हणे. एकात त्याचं पुस्तक, दुसऱ्यात आंब्याच्या कोयी. उन्हाळ्यात गावोगाव फिरताना लोकांनी चोखून टाकलेल्या कोयी तो उकिरड्यावरून वेचायचा, धुवून राखेत घोळवायचा आणि पाऊस पडला की लावत सुटायचा.

आता ही जागा. ही पट्टी तेव्हा उजाड होती. खालचे म्हणायचे आमची, वरचे म्हणायचे आमची. गवतावरून आणि मोहाच्या फुलांवरून मारामाऱ्या व्हायच्या. इथे तीन माणसं पडली होती, दोन आमची, एक त्यांचं. तेव्हापासून इकडे कुणी नांगर घातला नाही की ढोर सोडलं नाही. खालच्याने वर जायचं नाही, वरच्याने खाली यायचं नाही. फक्त बाजाराच्या दिवशी पावरे डिंक आणि चारोळी घेऊन उतरायचे आणि मान खाली घालून परत जायचे.

याकोबने विचार केला असेल, कुणाचीच नाही तर झाडं लावायला हीच जागा बरी. पहिल्या पावसाळ्यात त्याने इथे कोयी पुरल्या. प्रश्न होता उन्हाळ्याचा. नाल्याच्या वाळूत त्याने झिरा खणला आणि रोज वाटेवर बसू लागला. कुणी दिसलं की उठून रामराम करायचा आणि म्हणायचा, "दादा, माझ्या देवाची कथा ऐका, थोडीच आहे. नाहीतर झिऱ्यातलं तांब्याभर पाणी त्या रोपाला घाला."

लोक काय करणार? पाणी घालायचे आणि सुटायचे. त्याची थोडी कथा सूर्य मावळेपर्यंत चालते, हे चहूकडे माहीत झालं होतं. वरून येणारे पाणी घालायचे, घाटाने पलीकडे जाणारे खालचेही घालायचे. माझी आजेसासू सांगताना इथे पदर तोंडाला लावून हसायची. म्हणायची, बाबाने बारा वर्षं देवाचं नाव सांगितलं, पण या मुलखात एक माणूस त्याच्या धर्मात गेला नाही. झाडं मात्र एकूणएक जगली.

मग दोन वर्षं पाऊस झाला नाही. विहिरी आटल्या, जनावरं विकली, मोहाच्या झाडांनाही फूल धरेना. आंब्यांनी मात्र कसं कोण जाणे, दुसऱ्या वर्षीही फळ धरलं. मुळं खोल गेली होती, पाण्याला पोचली होती.

त्या वैशाखात नांदरखेड्याच्या तोताराम पाटलाची लेक बाळंतपणासाठी माहेरी यायला निघाली. तिचं नाव गेंदाबाई. डोंगरापलीकडे दिलेली, पहिलटकरीण, नववा लागलेला. बरोबर तिचा धाकटा दीर कौतिक, आणि बैलगाडी. घाटाच्या उतारावर गाडीचा आख मोडला. कौतिक तिला म्हणाला, "वहिनी, तुम्ही सावलीत बसा, मी गावातून दुसरी गाडी आणतो." तो खाली यायला निघाला, पण बरंच चालल्यावर त्याला वाटलं, एवढ्या रानात एकटीला सोडलं, दीर म्हणून तोंड काय दाखवू? तो परत फिरला.

गाडी होती, बैल होते, गेंदाबाई नव्हती. जमिनीवर बांगड्यांचे तुकडे पडले होते आणि धुळीत अनवाणी पावलंच पावलं. चाकाजवळ रक्त.

कौतिक ऊर फुटेस्तोवर धावत गावात आला. चावडीपुढे पडला आणि ओरडला, "डोंगरवाल्यांनी वहिनीला नेली!"

पुढे काय झालं ते तुम्हीच डोळ्यांपुढे आणा. दोन वर्षांची भूक, तीन मुडद्यांची आठवण, आणि त्यात पाटलाची लेक. घटकाभरात साठ-सत्तर माणूस जमलं. विळे, कुऱ्हाडी, भाले. तोताराम पाटलाने खुंटीवरची तलवार काढली. चेहरा असा झाला होता, म्हणे, की भाऊसुद्धा जवळ जाईना.

याकोब त्या दिवशी गावातच होता. लोहाराच्या ओट्यावर बसला होता. तो उठला आणि वेशीत आडवा उभा राहिला.

"बाजूला हो," पाटील म्हणाले.

"पाटील, मला जाऊ द्या आधी. सूर्य मावळायच्या आत परत येतो. लेकीची खबर आणतो."

"आणि तू त्यांनाच जाऊन सांगितलंस, लपा म्हणून? तू त्यांच्यात जेवतोस."

"तुमच्यातही जेवतो. सूर्य मावळेपर्यंत आलो नाही, किंवा खोटं बोललो, तर तुमची तलवार आणि माझी मान."

कुणी त्याला ढकललं, कुणी थुंकलं. पण पाटील थांबले. त्यांनी उन्हाकडे पाहिलं. अर्धा प्रहर दिवस उरला होता. "जा," म्हणाले. "त्यापुढे मी थांबणार नाही."

याकोब चालत नव्हता, पळत होता. तेव्हा त्याचं वय साठीला टेकलेलं. त्यानेच पुढे सांगितलं असं म्हणतात, की वाटेत त्याने देवाची एकही प्रार्थना केली नाही. डोक्यात एकच होतं, कौतिक म्हणतो ते खरं निघालं तर? पावऱ्यांना तो ओळखत होता, पण भूक माणसाला काय करायला लावते तेही लहानपणी त्याने पाहिलं होतं. मोडक्या गाडीजवळ आला आणि त्याने ते रक्त पाहिलं. तो खाली बसला. मग त्याला दिसलं, अनवाणी पावलं लहान होती. बायकांची होती. आणि ती पाड्याकडे चढत नव्हती, नाल्याकडे उतरत होती.

तो या राईच्या तोंडाशी आला तेव्हा वरच्या अंगाला पावरे पुरुष तीरकामठे ताणून उभे होते. गावात माणूस जमल्याची बातमी त्यांनाही पोचली होती. त्यांना वाटलं, आले. याकोबने झोळी खाली टाकली, दोन्ही हात वर केले आणि ओरडला, "अरे, मी आहे, आकुबा!"

पाड्याचा पुढारी रुमाल्या. त्याने बाण खाली केला, पण कामठ्यावरून काढला नाही. म्हणाला, "आत बाया आहेत. पुढे येऊ नको."

मध्ये, त्या जाड खोडाच्या आंब्याखाली, सात-आठ पावरा बायका लुगड्यांचे पडदे धरून गोल उभ्या होत्या. झिऱ्यावर पाण्याला आलेल्या बायकांनी घाटात किंकाळी ऐकली होती. जाऊन बघतात तर पोर कळांनी गाडीच्या चाकाला धरून बसलेली, चाकावर आपटून बांगड्या फुटलेल्या, हात कापलेला. ते रक्त त्या हाताचं होतं. पाडा लांब, गाव त्याहून लांब, म्हणून त्यांनी तिला धरून सावलीत आणलं होतं. सुईण होती ठुमलीबाई. हातांवर कोपरापर्यंत गोंदलेलं, आवाज पुरुषासारखा. ती आतूनच म्हणाली, "मूल आडवं आहे. फिरवते मी. पण पोर घाबरलीय, माझं ऐकत नाही. आणि इथे कुणी लढाई केली तर दोघंही जातील."

याकोब पडद्याजवळ गेला, पाठ फिरवून उभा राहिला आणि म्हणाला, "गेंदाबाई, मी पाद्रीबाबा. आबांना काय सांगू?"

आतून कण्हण्याशिवाय काही येईना. मग ती म्हणाली, "आबा नको. मायला पाठवा."

एवढंच घेऊन याकोब परत पळाला.

वेशीत पोचला तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता आणि माणसं निघायच्या बेतात होती. त्याने जे पाहिलं ते सांगितलं. कुणाला पटेना. पाण्याला आलेल्या बायका, आंब्याखाली बाळंतपण, बाण धरलेले पुरुष. एकजण म्हणाला, हा सापळा आहे, आपल्याला त्या पट्टीत बोलावून घेरणार. पाटलांनी विचारलं, "माझ्या लेकीने माझ्यासाठी काय निरोप दिला?"

याकोबला खरं सांगणं भाग होतं. "ती म्हणाली, आबा नको. मायला पाठवा."

गर्दीमागून पाटलीणबाई पुढे आल्या. आसराबाई त्यांचं नाव. आजवर नवऱ्यासमोर चारचौघांत बोललेल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "माझीच पोर बोलली ही. ताप आला, काटा मोडला, की लहानपणी तुम्हाला खोलीबाहेर काढायची ती. तुमचा जीव कासावीस होतो म्हणून. दुसऱ्या कुणाला हे सुचायचं नाही." आणि तिथेच लोहाराच्या दारातली भरलेली घागर उचलून त्यांनी डोक्यावर घेतली. "मी निघाले. लेक अडलीय आणि तुम्ही तलवारी घेऊन येणार असाल तर आधी माझ्यावर चालवा."

त्यांच्यामागे त्यांची जाऊ निघाली. मग लोहारीण, मग एकेक करत वीसेक बायका, कुणाकडे घागर, कुणाकडे जुनं मऊ लुगडं, कुणाकडे तुपाची वाटी. माणसं मागे राहिली आणि मग मागोमाग चालू लागली. राईच्या तोंडाशी आल्यावर याकोबने पाटलांचा हात धरला. पाटलांनी समोर पाहिलं. वर तीरकामठे, मध्ये लुगड्यांचे पडदे, आणि त्या पडद्यांतून लेकीचा आवाज. त्यांनी तलवार त्या सपाट खडकावर ठेवली. साठ-सत्तर माणसांनी एकेक करून आपलं हत्यार ठेवलं. ते पाहून वर रुमाल्याने कामठ्याची दोरी उतरवली.

आसराबाई पडद्याआड गेल्या. ठुमलीबाईने त्यांच्याकडे पाहिलंही नाही, नुसतं म्हणाली, "डोकं मांडीवर घे तिचं. बोलत राहा." आसराबाई बोलत राहिल्या. काय बोलत होत्या ते बाहेर ऐकू येत नव्हतं, पण गेंदाबाईचं ओरडणं हळूहळू उतरत गेलं. पुरुष दोन बाजूंना उकिडवे बसले होते. एकमेकांकडे बघत नव्हते. सगळ्यांचे कान मात्र एकाच जागी.

अंधार पडता पडता मूल रडलं. मुलगी झाली.

तोताराम पाटील उभे होते ते मटकन खाली बसले. हसायला लागले, आणि हसताहसता रडायला लागले. दुपारपासून ताणलेला माणूस, त्याची दोरीच सुटली. समोरून रुमाल्या उठून आला. या पट्टीतून वरचा माणूस खालच्याकडे चालत आला, असं कित्येक वर्षांत झालं नव्हतं. त्याच्या हातात दोन पाडाचे आंबे होते. एक त्याने पाटलांपुढे धरला. "खा," म्हणाला. "तोंड सुकलंय तुझं." मग कुणीतरी फांदी हलवली, आणि दोन वर्षांची उपाशी माणसं त्या रात्री पोटभर आंबे खात बसली. कौतिकला तर कुणीतरी इतके भरवले की तो तीन दिवस आजारी होता.

पाटलांना याकोबची आठवण झाली. ते म्हणाले, "बोलवा बाबाला. आज त्याची कथा ऐकू, कितीही लांबू दे." खालचे, वरचे सगळे सरसावून बसले. पण बाबा खोडाला टेकून झोपला होता. पायांची सालं निघालेली, तोंड उघडं. पाटलांनी आपलं उपरणं काढून त्याच्या पायांवर घातलं आणि कुणाला उठवू दिलं नाही.

नंतर तो आणखी काही वर्षं येत राहिला आणि एका पावसाळ्यात आला नाही. त्याची कबर आमच्याकडे आहे असं डोंगरापलीकडची चार गावं सांगतात. असेल कुठल्यातरी एका ठिकाणी. पट्टीचा वाद मात्र तिथेच संपला. पाटील आणि रुमाल्या बोलले, ही राई बाळंतिणीची. पाटलांनी ठुमलीबाईला चोळी-बांगडी केली आणि आसराबाईंनी तिला बहीण मानलं.

म्हणून आजही नांदरखेड्याची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली की तिची पहिली ओटी पाड्यावरची बाई भरते. आईच्याही आधी. आता बाळंतपणं तालुक्याला होतात, दवाखान्यात. गेल्या वैशाखात माझ्या नातीला तिथे नेलं. सकाळपासून अडली होती, डॉक्टर ऑपरेशन म्हणत होते, आम्ही सगळे देव पाण्यात घालून बसलो होतो. पाड्यावरची शेवंती पहिल्या एसटीने आली, पिशवीत तांदूळ, नारळ आणि खण, आणि आमच्या शेजारी बाकावर बसून राहिली. दुपारी नर्स हसत बाहेर आली. म्हणाली, "सुटली बरं का, दोघंही छान आहेत. माहेरचं कोण आहे?"

मी गुडघ्यावर हात टेकून उठेपर्यंत शेवंती दारात पोचली होती.