नदीपलीकडचा आवाज

बटण दाबलं, की राजवाड्यात सिंह डरकाळी फोडायचा आणि सोनतळी संस्थानातली वीज जायची!

सिंह पडद्यावरचा होता. धवलराजे महाराजांनी वाड्यात होम थिएटर केलं होतं. स्पीकरांना आवाज पुरवायला रिसीव्हर आणला, तोही एवढा प्रचंड, की ती पेटी बैल जुंपून आत ओढावी लागली. ती सुरू झाली की गिरण्या बंद, नळ बंद आणि सिंहही अर्ध्या डरकाळीत गप्प!

"महाराज, लहान पेटी घ्या. दालनाला पुरेल," वायरमन तुळाजी म्हणाला.

"लहान?" महाराज कडाडले. "नदीपलीकडे रुद्राजीरावांची पेटी वाजली की आमच्या खिडक्या थरथरतात! आणि आम्ही लहान घेऊ? शनिवारी आमच्या गच्चीवर त्यांच्याइतकाच आवाज घुमला पाहिजे! गावातला एकही दिवा मिणमिणता कामा नये! नाहीतर वीज तुम्ही करायची. जन्मभर सायकल मारून!"

तुळाजीने घरी जाऊन सरावच सुरू केला.

"बाबा, स्टँडवरच्या सायकलवरून कुठं निघालात?" त्याची मुलगी सगुणा म्हणाली.

धापा टाकत त्याने सगळं सांगितलं. तेवढ्यात नदीपलीकडून दवंडी ऐकू आली, "शनिवारी दिवेलागणीला रुद्राजीरावांच्या वाड्यावर सिनेमा, 'हत्तीचं लग्न'!"

सगुणा हसली. "उतरा खाली, बाबा!"

ती थेट दरबारात गेली. "महाराज, पेटी मी निवडते. पण सिनेमाही मीच निवडणार."

"कबूल! पेटी किती ताकदीची?"

"रुद्राजीरावांच्या पेटीइतकी. कणभरही कमी नाही!"

शनिवारी गच्चीवर पडदा लागला. महाराज ऐटीत बसले.

"पेटी कुठंय?"

"जरा लांब ठेवलीय, महाराज."

नदीपलीकडे पहिला ढोल वाजला आणि त्याच क्षणी सगुणाने पडद्यावर 'हत्तीचं लग्न' सुरू केलं. धडाम! धुडुम! हत्ती असा चीत्कारला, की प्रधानजींची पगडी कुंडीत पडली. महाराजांनी गावाकडे पाहिलं. सगळे दिवे लख्ख!

"वा, पोरी, वा!" महाराज कानात बोटं घालून ओरडले. "पण आता आवाज जरा कमी कर!"

"ते बटण आपल्याकडे नाही, महाराज."

"मग कोणाकडे?"

"रुद्राजीरावांकडे. पेटी त्यांची, वीजही त्यांचीच! आपला फक्त पडदा."

महाराज ताडकन उठले. "म्हणजे फसवणूक! रिसीव्हर आमचा हवा होता!"

तुळाजी सायकल शोधू लागला. सगुणा मात्र शांतपणे म्हणाली, "महाराज, रिसीव्हर म्हणजे घेणारा. रुद्राजीराव बिचारे देतायत, आपण घेतोय. मग रिसीव्हर कोणाचा?"

महाराज जे हसत सुटले, ते थांबेचनात! एवढं हसले, की नदीपलीकडून कुणीतरी भोंग्यातून ओरडलं, "हळू हसा हो! इथं सिनेमा ऐकू येत नाही!"

ते ऐकून तर महाराज खुर्चीवरून घसरले. डोळे पुसत त्यांनी तिथल्या तिथे सगुणाला सोन्याच्या पाटल्या दिल्या. "अजून काय हवं? माग!"

"ती मोठी पेटी द्या, महाराज," सगुणा म्हणाली. "आमच्या कोंबड्यांना घर नाही!"

दुसऱ्या दिवशी बैल पुन्हा जुंपले गेले आणि पेटी तुळाजीच्या अंगणात आली.