चाळीस उपरणी आणि दोन वह्या

“दुपारची पंगत बसायच्या आत धुतलेली चाळीसही उपरणी ज्याची त्याला पोचली पाहिजेत,” राजे दुर्जयराव म्हणाले. “आणि एकाही पाहुण्याला ‘यातलं तुमचं कोणतं’ असं विचारायचं नाही. हसं होईल माझं. जमलं नाही, तर नदीवरचा घाट दुसऱ्या परटाला!”

साळू परटाची पोर. घाट तिच्या बापाचा, आणि तो थोरल्या लेकीला आणायला परगावी गेलेला. उद्याशिवाय परतायचा नव्हता. कुणाचं कोणतं हे त्याला तोंडपाठ होतं. पण कारभारी कोन्हेरपंतच त्याला म्हणाले होते, “जा खुशाल. आता आपल्याकडे वह्या आहेत.”

वह्या होत्या, दोन. एका कारकुनाने वाड्याच्या दारात बसून लिहिलं होतं पाहुण्याचं नाव, गाव आणि कितव्या रांगेतली कितवी राहुटी. दुसऱ्याने घाटावर बसून प्रत्येक उपरण्यावरची खूण उतरवली होती, परटाने बिब्ब्याच्या न पुसणाऱ्या रसाने केलेली. पहिल्या वहीत खुणा नाहीत, दुसरीत नावं नाहीत. दोघे कारकून एकमेकांशी बोलत नसत, म्हणून त्यांच्या वह्याही बोलत नव्हत्या.

“खुणा तेवढ्या वाचून दाखवता?” साळूने कोन्हेरपंतांना हळूच विचारलं.

“एक टिंब, एक रेघ. दोन टिंबं, पाच रेघा. चार टिंबं, तीन रेघा...”

“टिंबं पाचाच्या वर जातात का हो?”

“नाही. रेघाही आठाच्या वर नाहीत,” कोन्हेरपंत हसले. “आणि राहुट्यांच्या रांगा पाच, दर रांगेत आठ. पोरी, एवढं मलाही कळतं. टिंबं म्हणजे रांग, रेघा म्हणजे राहुटी. सकाळीच ताडून पाहिलं. पहिल्या रांगेतल्या पहिल्या राहुटीत सरदार खंडेराव आहेत, दाराची चौकट कपाळाला लागते असा माणूस. एक टिंब एक रेघेचं उपरणं त्यांच्या एका खांद्यालाही पुरायचं नाही. तुझ्या बापाने काहीतरी खरडलंय झालं.”

“पंत, तुम्ही मोजलंत कुठून?”

“कुठून म्हणजे? वाड्याच्या दारापासून. सगळे तिथूनच मोजतात.”

“बाबा कसा मोजेल?” साळू म्हणाली आणि स्वतःच्याच आवाजाने दचकली. “त्याला त्या दारातून कुणी आत घेतं का? तो कपडे गोळा करायला नदीकडून येतो, मैदानाच्या पार पलीकडच्या कोपऱ्यातून. तुमची शेवटची राहुटी ती त्याची पहिली.”

पंत बोटांवर रांगा उलट्या मोजू लागले.

“खंडेरावांसाठी पाच टिंबं, आठ रेघा काढा,” साळू म्हणाली.

दोन शिपायांनी ते उपरणं हात वर करून धरलं, तरी खालचं टोक जमिनीवर लोळलं!

मग तिसरा कागद झाला. डावीकडे पंतांच्या मोजणीची राहुटी, उजवीकडे बापाची खूण. त्या कागदाच्या दोन बाजूंना दोन वह्या ठेवल्या आणि भराभर नावं जुळत गेली. पानं वाढायला अजून अवकाश होता, तोवर चाळीसही उपरणी रवाना झाली. एकही परत आलं नाही.

“आणि हे कुणाचं?” राजांनी ढिगाच्या जागेवरून आणखी एक पांढरं उपरणं उचललं. “खूण नाही याच्यावर. चुकलीस तर घाट गेला म्हणून समज.”

साळूने आधी कारकुनांकडे पाहिलं. “पहिल्या वहीत एखादं नाव उरलंय?”

“नाही.”

“दुसऱ्या वहीत एखादी खूण?”

“नाही.”

“मग हे धुवायला आलंच नव्हतं, आणि याचा धनी पाहुणाही नाही. दारातले कारकून तर नाव लिहून घेतल्याशिवाय कुणाला सोडत नाहीत. नाव विचारायची छाती होत नाही असा माणूस इथे एकच.” तिने उपरणं दोन्ही हातांनी पुढे केलं. “घ्या महाराज. सगळा दरबार पांघरून बसलाय, तुमचाच खांदा तेवढा उघडा आहे.”

राजांनी आपल्या खांद्याकडे पाहिलं आणि असे हसले की बाहेर पंगतीचे आचारी डोकावून गेले. घाटाची सनद त्यांनी तिथल्या तिथे साळूच्या नावे लिहायला लावली.

“आणि हे उपरणं तुझ्या बापाला,” ते म्हणाले. “पंत, उद्या तो आला की त्याला वाड्याच्या दारातून आत घ्या. नाव विचारून!”