ऐनाचा बुडखा आणि कोल्हिणीचे छत

मुलांनो, ही गोष्ट मी फार लहानपणी ऐकली. ती कोल्हिणीची होती की खोकडीची, याची आता मला खात्री देता येत नाही. रानडुक्कर मात्र नक्की होते. चुकत असलो तर ज्यांना ठाऊक असेल त्यांनी दुरुस्त करून घ्यावी. तर ओढ्याच्या काठी, उताराच्या पोटात एका कोल्हिणीचे बीळ होते. बिळापुढे चांगले मोकळे अंगण होते, पण अंगणाच्या मधोमध ऐनाचा बुडखा उभा होता. लाकूडतोडे झाड घेऊन गेले आणि तेवढा मागे ठेवून गेले.

कोल्हिणीच्या पिलांचे डोळे नुकतेच उघडले होते. कोल्ह्यांची रीत अशी की पिलांना पहिल्यांदा बाहेर काढायचे, तर बिळाच्या तोंडातून सगळे अंगण दिसायला हवे. इथे बुडख्याआड रानमांजर दबून बसले तर दिसले नसते, आणि रानमांजर त्या बाजूला फिरतही होते. म्हणून तिने रानडुकराला बोलावले. त्याने बुडख्याभोवती एक फेरी मारली आणि म्हटले, "वहिनी, दोन धक्क्यांचे काम आहे. तुम्ही आत जाऊन बसा."

ती आत पिलांपाशी गेली. बाहेर पहिला धक्का बसला आणि आत पिलांच्या पाठीवर माती पडली. कोल्हिणीला नवल वाटले. धक्का तिथे, माती इथे, हे कसे? तिने बाहेर डोके काढले. "भाऊजी, पुन्हा एकदा हलवा बघू. पण हळूच."

"उपटायला बोलावलेत की झुलवायला?" रानडुक्कर कुरकुरले, पण त्याने हळूच ढुसणी दिली. तोवर कोल्हिणीने छतातल्या जाड मुळावर पंजा ठेवला होता. बीळ खोदताना ते आडवे आले, तेव्हा तिला आयती तुळई मिळाल्यासारखे वाटले होते. तेच मूळ आता पंजाखाली थरथरले. मग ती बाहेर आली आणि नाक जमिनीला लावून, जागोजागी माती उकरत त्या मुळाच्या मागावर निघाली. ते सरळ बुडख्यापाशी येऊन थांबले.

"राहू द्या, भाऊजी," ती म्हणाली. "हा निघाला तर छत पिलांवर येईल."

"मग तुमच्या त्या मांजराचे काय करणार?"

कोल्हिणीने बुडख्याकडे पाहिले. त्याच्या मागे काय आहे ते खालून दिसत नव्हते. वरून काय दिसते, हे तिने कधी पाहिलेच नव्हते. ती उडी मारून वर चढली. ओढा दिसला, करवंदीची जाळी दिसली, बुडख्याची मागची बाजूही दिसली. दुसऱ्या दिवशी पिले बाहेर आली तेव्हा ती वरच बसून होती. रानमांजर जाळीतून निघाले, त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिले आणि ते आल्या वाटेने परत गेले. रानडुक्कर मात्र रोज येऊ लागले. पाठ खाजवायला बुडखा फार सोयीचा आहे, असे त्याचे म्हणणे होते. आणि रोज कोल्हीण आतून ओरडत असे, "भाऊजी, हळू. माती पडते."

तात्पर्य : डोळ्यांत खुपणारी वस्तू उपटण्याआधी तिचे दुसरे टोक कुठे पोहोचले आहे ते शोधावे. मूळ इतके लांब जाते, यावर माझा विश्वास बसत नव्हता. पुष्कळ वर्षांनी आमच्या अंगणातला आंब्याचा बुडखा काढायला घेतला, तेव्हा मी आधी एका मुळाच्या मागाने उकरत गेलो. ते न्हाणीघराच्या भिंतीखाली शिरले होते.